तिसरी मशीन

"उचल तुयं ते डबडं," गोपालराव म्हणाले. "इथं लोक जेवतात."

वैष्णवीने टॅब्लेट टेबलावरून उचलून हातात धरला. यवतमाळच्या दारव्हा रोडवरच्या या स्पॅनिश रेस्टॉरंटात ती ऑर्डर-बिलाची मशीन विकायला आली होती. तिला अजून कोणी बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

मालक रोशन सहा वर्षं स्पेनमध्ये स्वयंपाकी होता. गावी परतून त्याने हे हॉटेल काढलं, तेव्हा ऑर्डर घ्यायला त्याला गोपालराव मिळाले. वय साठीचं, पण कागद-पेन कधी लागलं नाही. पाएया, गास्पाचो, क्रोकेतास, सगळ्या पदार्थांची नावं त्यांनी आठवड्यात पाठ केली होती. गिऱ्हाईक वाढलं तशी रोशनला मशीन हवीशी वाटू लागली. या आठवड्यात नागपूरच्या दोन कंपन्या येऊन गेल्या. दोन्ही वेळा गोपालरावांनी भर गर्दीत, बिनचूक ऑर्डर कोण घेतं, अशी मशीनशी पैज लावली आणि जिंकली.

"मले मशीन पायजेच हाय, ताई," रोशन म्हणाला. "पण माणसापेक्षा कमी असंल त घेऊ कायले?"

"हिच्यासंगंबी लावा पैज," गोपालराव म्हणाले.

"त्याची काही गरज नाही, काका," वैष्णवी घाईने म्हणाली. "मी चालवून दाखवते ना."

"काहून? भेव वाटते? मंग आली कायले?"

रविवारची दुपार. आठही टेबलं भरलेली. प्रत्येक टेबलाशी दोघं शेजारी उभी राहिली. गोपालराव ऐकून आत जात आणि तोंडी सांगत. वैष्णवी स्क्रीनवर बोट लावी, आत चिठ्ठी निघे. जेवण तोंडी ऑर्डरवरच बने, चिठ्ठ्या नंतर ताडून पाहायला बाजूला ठेवलेल्या.

"अजून टाइपच करून राह्यली?" चौथ्या टेबलाशी ते मोठ्याने म्हणाले. जेवणारे हसले.

"काका, तोंड सांभाळून बोला."

"नाईतर काय करशीन?"

ती पाचव्या टेबलाकडे वळली.

मग तिसऱ्या टेबलावरून हाक आली. बटाट्याच्या तोर्तियात कांदा नको म्हटलं होतं, कांदा आला होता. पाठोपाठ सहाव्याची बशी सातव्यावर गेली. रोशनने दोन्हीकडे हात जोडून माफी मागितली आणि आत येऊन चिठ्ठ्या तपासल्या. मशीनची एकही चूक नव्हती.

"गोपालराव, आज काय झालं तुमाले?"

"चुकलं," ते एवढंच म्हणाले.

रोशन वैष्णवीकडे वळला. "मशीन घेतो, ताई. आजच." मग गोपालरावांकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून तुमी टेबलं पुसा. ऑर्डरचं पाहीन दुसरा कोनी."

गोपालरावांचा चेहरा काळवंडला. "झालं समाधान?" ते वैष्णवीवर खेकसले. तिने मान खाली घालून कागदांवर रोशनची सही घेतली आणि निघाली.

चार वाजता तिची स्कूटी लोहारा गावाच्या पुढे एका कडुनिंबाखाली उभी होती. रेस्टॉरंट तिथून दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने गोपालराव पायी चालत आले, घाम पुसला आणि तिच्या मागे बसले.

"आता त नाई काढत न तुले कामावरून?"

"नाई, बाबा."