रिंगला पाणी

नात सहा वर्षांची असताना मी अंगणातल्या खांबाला तिच्या बेताने बास्केटबॉलची रिंग लावली आणि थाप मारली, “रोज पेलाभर पाणी घाल, रिंग झाडासारखी वाढेल.” ती घालायची; थाप कळल्यावरही घालायची. दर वाढदिवशी पहाटे मी रिंग चार बोटं वर वेल्ड करायचो. वेल्डरचा हात, सांधा दिसेल तर शपथ. पुढे गुडघे गेले. तीन वर्षं शिडीवर चढलो नाही, तोंडाने मात्र रिंग चढवत राहिलो, “पोरी, पोचली बघ नियमाच्या दहा फुटांवर.” आज संघनिवडीत तिचे सगळे चेंडू वीतभर आखूड पडले. कोचबाई म्हणाल्या, “हात चुकीच्या उंचीला बसलाय. पुढच्या निवडीपर्यंत वय उलटेल.” घरी येऊन तिने रिंगला मोजायचा टेप लावला. सव्वानऊ फूट. टेप माझ्या मांडीवर ठेवून तिने खांबाशी पेला ओतला. “पाणी कमी पडलं का हो, आजोबा?”