भेदरलेला चेहरा

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा आईकडे वळवला.

"यंत्रात झोपवून आम्ही तुमच्या मुलीला माणसांचे चेहरे दाखवले. हसरे, रागावलेले, भेदरलेले. भेदरलेला चेहरा दिसला की बहुतेकांच्या मेंदूतला हा एवढासा भाग एकदम जागा होतो. हिचा जवळजवळ झोपूनच राहिला."

आईला पडद्यावर नुसते राखाडी डाग दिसत होते. गेल्या आठवड्यात तिच्या या चौदा वर्षांच्या लेकीने धाकट्या भावाला कपाटात कोंडलं होतं. तो आतून धडका देत होता, ओरडत होता, आणि ही कपाटाला पाठ टेकून गणितं सोडवत बसली होती. शेवटी शेजारीण धावत आली, तिने कडी काढली. गणितं सगळी बरोबर होती.

"म्हणजे ती मुद्दाम नाही ना करत?" आईने विचारलं.

"मुद्दामच करते. पण समोरचा घाबरलाय, हे तिच्या आत पोचत नाही."

"मारून पाहिलं, अबोला धरून पाहिला. हात टेकलेत हो आम्ही."

"शिक्षेने हिला फारसा फरक पडणार नाही. आपल्याला जे आपोआप कळतं, ते हिला एकेक करून शिकवावं लागेल. चिकाटीने."

"किती दिवस?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "दिवसांत नका मोजू."

बाहेर बाकावर मुलगी बसली होती. 'चल' म्हणायला म्हणून आई तिच्याजवळ गेली आणि शेजारी बसली ती बसलीच. पर्स मांडीवर घट्ट धरून ती आवाज न करता रडायला लागली.

मुलगी वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "हे माझ्यामुळे, की दमलीस म्हणून?"

"दोन्ही."

"मग अशा वेळी मी काय करायचं असतं?"

आईने तिचा हात उचलला आणि आपल्या पाठीवर ठेवला. ठेवला तिथेच तो राहिला. थोपटलं नाही, कुरवाळलं नाही. समोरून एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेला.

"आता काढू?" मुलीने विचारलं.

"नको," आई म्हणाली. "राहू दे जरा."