पेनने लिहिलेलं

ऋजुताने चौथ्यांदा टूथपिकने गालाची आतली बाजू खरवडली, तेव्हा काचपट्टीवर रक्त आलं. तरी तिने ती रंगवली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली.

प्रॅक्टिकल सोपं होतं. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातलं एक मिटून केंद्रकाच्या कडेला गडद ठिपक्यासारखं बसतं; पुरुषाच्या पेशीत एक्स एकच, म्हणून ठिपका नसतो. स्वतःच्या शंभर पेशी बघायच्या आणि असे ठिपके मोजायचे; प्रत्येक पेशीत तो दिसतोच असं नाही. शेजारच्या टेबलावर मुली एकमेकींना तीस, अठ्ठावीस असे आकडे सांगत होत्या. ऋजुताच्या शंभर पेशींत एकही ठिपका नव्हता.

एकोणिसावं संपत आलं तरी तिला पाळी आली नव्हती. "काही जणींना उशिरा येते," एवढंच आई म्हणायची. हल्ली तेही म्हणत नव्हती.

"मॅडम, माझा रंग नीट बसत नाहीये. पाचवी स्लाइड करू?"

घाणेकर मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ लावूनच ठेवला.

"रंग छान बसलाय गं," त्या हळूच म्हणाल्या.

ऋजुताने जर्नल पुढे ओढलं. 'नमुना : स्त्री' हे ती कालच घरून लिहून आली होती. खोडरबर घेऊन ती तो शेवटचा शब्द घासत सुटली. कागदाला भोक पडायची वेळ आली, शाई काही हलेना.

मॅडमनी तिचा हात धरला आणि खोडरबर काढून घेतला.

"आकडा पेन्सिलने लिही," त्या म्हणाल्या. "तो शब्द तू पेनने लिहिलायस. तो राहू दे."