समक्ष ओळख

तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी हेलकावे खात खाली आली आणि सरिताच्या हाताशी थांबली. आत पासबुक, पैसे काढायची स्लिप आणि सॅनिटायझरची चिमुकली बाटली. दुपारचे तीन वाजले होते. सातपूरच्या कामगार वसाहतीतली ही तिची आजची नववी इमारत. मास्कच्या आत ओठ खारट झाले होते, आणि पाय तर सकाळपासूनच तिचे राहिले नव्हते.

"ओ सरिताताई," तळमजल्याच्या खिडकीतून अब्बासभाई म्हणाले, "अकरा वर्षं रोज पैसे घ्यायला आलात. आता द्यायची पाळी आली तर चेहरा केवढा पाडलात!"

"चेहरा दिसतोय कुठं, भाई? मास्क आहे."

"डोळ्यांत दिसतो ना."

लॉकडाउनमुळे पतसंस्थेचं शटर महिनाभर अर्ध्यावर होतं. सभासदांनी संस्थेत यायचं नाही, संस्थेनं त्यांच्या दारात जायचं, असं ठरलं होतं; आणि संस्था म्हणजे सरिता. रोजच्या बचतीची पिग्मी गोळा करणारी बाई आता तीच पिग्मी घरोघर परत पोचवत होती. नियम एकच. सभासदानं स्वतः गॅलरीत यायचं, घडीभर मास्क खाली करायचा, आणि तिनं स्लिपवर 'समक्ष ओळख पटली' असं लिहून सही करायची. मॅनेजर महेश सरांनी बजावलं होतं, "तुझे डोळे म्हणजे आता आपलं काउंटर, सरिता. एक चूक झाली तर तुझी नोकरी गेली आणि माझीही."

स्लिप सावळीरामकाकांची होती. चाळीस हजार. वर गॅलरीत त्यांची बायको कुसाबाई दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून उभी होती.

"काकू, काकांना बोलवा ना जरा."

"निजलेत गं."

"दोन मिनिटं उठवा. मला बघावं लागतं."

कुसाबाई दोरी कठड्याला अडकवून आत गेली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक माणूस बाहेर आला. भर एप्रिलात कानटोपी, मास्क डोळ्यांपर्यंत, खांद्यावर टॉवेल. कठड्याशी आला नाही, दाराच्या सावलीतच थांबला.

"मास्क, काका."

त्यानं मास्क काढला नाही. उजवा हात तेवढा वर केला.

पाच बोटं.

सरिता नुसती बघत राहिली. सावळीरामकाकांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. दोन कंपनीतल्या पॉवर प्रेसनं नेली होती, आणि त्यांच्या भरपाईतूनच हे खातं उघडलं होतं. रोज संध्याकाळी पन्नासची नोट त्या तीन बोटांत धरून काका म्हणायचे, "मोजून घे, पोरी. बोटं कमी हायेत, नोटा नाय."

तिचा फोन वाजला. वर कुसाबाई पुन्हा गॅलरीत येऊन फोन कानाला लावून उभी होती. मधे तीन मजले, पण आवाज अगदी कानाशी.

"आमचा पोरगा, हर्षल हाय तो," कुसाबाई म्हणाली. "तुझ्यापासून काय लपणार?"

"आणि काका?" अब्बासभाईंच्या खिडकीपासून लांब सरकत सरितानं हळूच विचारलं.

"काल सकाळी गेले. दवाखान्यातच. तिथूनच नेलं त्यांना. इथं कुणाला सांगितलं नाय अजून."

सरितानं डोळे मिटले. उघडले तेव्हा दोरी तशीच लोंबत होती, आणि समोरच्या गॅलरीत कुणीतरी धुणं वाळत घालत होतं.

"काकू, वारस म्हणून तुमचंच नाव आहे खात्यावर. पैसे तुमचेच आहेत. फक्त मृत्यूचा दाखला..."

"आठ दिवस लागतील म्हणे. पूजा तिकडं दवाखान्याच्या बाकड्यावर बसलीय सकाळपासून. पाचच्या आत पैसे भरले तर खाट देऊ म्हणाले." कुसाबाईचा आवाज चढला नाही. "माझ्या सुनेचा दम आठ दिवस निघंल का गं? तूच सांग. निघत असंल, तर मी थांबते."

सरिताच्या घरी चार माणसं तिच्या पगारावर जेवत होती. तिनं विजेच्या मीटरच्या पेटीवर स्लिप टेकवली. पेन पहिल्या अक्षराला अडलं. तिनं ते तळहातावर ओढून पाहिलं, आणि मग एका दमात लिहिलं, सही केली, तारीख घातली. नोटांचं पाकीट पासबुकात सरकवून पिशवीत ठेवलं.

मग मान वर करून, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, जपा हो तब्येतीला! गोळ्या वेळेवर घ्या!"

कानटोपीतल्या पोरानं हात जोडले आणि तो आत वळला.

"सावळीरामभाऊ," अब्बासभाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "लवकर उठा आता! तुमच्यावाचून पत्त्यांचा डाव अडलाय!"

कुसाबाई दोरी ओढू लागली. आडातून पोहरा ओढावा तशी, एक हात, मग दुसरा हात, पाणी सांडू न देता. पिशवी कठड्यावर पोचली. फोन दोघींच्याही कानाला तसाच होता.

"काकू, शेजारच्या कुणाला तरी बोलावून घ्या. अशा एकट्या राहू नका."

"आत्ता नको," कुसाबाई म्हणाली. "हर्षल पैसे भरून येऊ दे. पूजाला खाट मिळू दे. मग रडते मी."