एकाचे दोन

“एकच माणूस दोनदा चिकटवलाय तुम्ही,” फोटोस्पर्धेच्या परीक्षकबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोटोवर पेन्सिल टेकवली. “नियम सहा वाचलात ना?”

सलूनवाल्याने तो पाठ केला होता. उजेड कमीजास्त करा, कडा कापा. पण नसलेलं आणू नका, असलेलं घालवू नका, एकाचे दोन करू नका. एवढा अभ्यास शाळेत केला असता तर हातात वस्तरा आला नसता, असं बायकोने ऐकवलंही होतं.

“चिकटवलं नाही हो बाई. जुळे आहेत ते.”

“मग मूळ फोटो दाखवा.”

इथेच तर घात झाला होता. कडा कापायची मुभा आहे म्हणून त्याने कोपऱ्यात आलेली बादली कापली होती. ‘जुन्याच्या जागी हाच ठेवू का?’ असं कॉम्प्युटरने विचारलं, तेव्हा त्याने मोठ्या अदबीने ‘हो’ म्हटलं होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याआधीच पुसलेलं. वस्तरा काय नि कार्ड काय, काम झालं की पुसून ठेवायचं, ही तीस वर्षांची सवय. मूळ फोटो आता जगात कुठेच नव्हता.

उरलेला फोटो मात्र बघत राहावा असा. सलूनच्या बाकावर दोन म्हातारे गाढ झोपलेले. एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्याचा गाल पहिल्याच्या टकलावर. टक्कल तेच, मिशी तीच, झोपेत झालेला ओठांचा चंबूसुद्धा तोच. तीन फेऱ्या पार करून हा फोटो पहिल्या नंबरच्या उंबऱ्याशी आला होता. पाचला निकाल. आणि बाद झाला तर नुसता बाद नव्हे. लबाडी करणाऱ्यांची नावं दाराबाहेर लावायची, असा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा शिरस्ता होता. त्याच दारावरून सलूनवाल्याचं अर्धं गिऱ्हाईक रोज जात असे.

ते दोघे म्हणजे कुलूपवाला आणि घड्याळवाला. एकाच गाळ्यात दोघांचं दुकान. आई गेली, त्याच महिन्यात पाटी रंगवणारा आला आणि बिचाऱ्याने सहज विचारलं, “थोरल्याचं नाव आधी घालतो. थोरला कोण?” दोघेही एकदम म्हणाले, “मी!” फरक सात मिनिटांचा, आणि आधी कोण ते सांगू शकणारी एकटी आई. पाटी आजतागायत कोरी आहे. गाळ्याच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. वरचा पंखा नेमका मध्ये आला. तो कुणालाच सोडवेना, म्हणून अकरा वर्षं अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा भिंतीत अडकून आहे. कुलूपवाला दाढीला मंगळवारी येई, घड्याळवाला शुक्रवारी. सलूनवाला एकदा आठवडाभर तापाने आडवा झाला आणि उठला त्या दिवशी दोघेही दारात. आधी माघारी कुणी जायचं? कुणीच नाही! बाकाची दोन टोकं धरून बसले, वाट बघून बघून पेंगले आणि झोपेत सरकले. कॅमेरा एकदाच वाजला. त्या आवाजाने दोघे जागे झाले आणि चटका बसल्यासारखे लांब झाले.

“त्यांच्यातल्या एकाला तरी आणा,” परीक्षकबाई म्हणाल्या. “समोर बसून लिहून देऊ दे, मला पुरे.”

सलूनवाला पळाला. घड्याळवाला भिंगातून डोळा न काढता म्हणाला, “येतो की. आधी त्याला सांग, मला दादा म्हण.”

फळ्यांपलीकडे कुलूपवाल्याला हे ऐकू गेलंच असणार. त्याने हातातली कानस ठेवली, दुकान बंद केलं आणि निघाला.

मोठा केलेला तो फोटो त्याने तिथे पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ पाहिला. हात नकळत स्वतःच्या टकलावर गेला. मग त्याने कागद ओढला आणि ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं, वय लिहिलं, धंदा लिहिला. ‘दुसऱ्या व्यक्तीशी नातं’ या रकान्यापाशी आला.

“थोरले की धाकटे, तेही लिहा,” परीक्षकबाई म्हणाल्या. “चेहरे सारखे आहेत, तेव्हा फोटोखाली तसं छापावं लागेल.”

पेन थांबलं. सलूनवाला मनात म्हणाला, लिही बाबा, काय हवं ते लिही.

कुलूपवाल्याने पेनला टोपण लावलं. “मला भाऊ नाही,” तो म्हणाला.

“काका! अहो काय बोलताय?”

पण काका दाराबाहेर पडले होते. पाच वाजता त्याच दारावर सलूनवाल्याचं नाव लागलं.

मंगळवारी कुलूपवाला नेमाने आला आणि खुर्चीत बसून त्याने मान मागे टाकली. सलूनवाल्याने फेस लावला. गिऱ्हाइकाचा गळा, हातात वस्तरा. जाब विचारायला याहून सोयीची जागा जगात नाही. तरी त्याचा आवाज रडवेलाच निघाला.

“गावभर लबाड ठरलो मी काका. एक शब्द लिहायचा होता. ‘थोरला.’ अकरा वर्षं तेच तर ओरडत होतात ना तुम्ही?”

कुलूपवाला आरशात बघत राहिला. फेसाखालचं तोंड हललं.

“ओरडायला काय लागतं रे. लिहून सही करायची म्हटल्यावर हात उचलेना. आई जाताना मला एकट्याला सांगून गेलीय. दादा तोच.”