पाटीमागची जागा

न्यू ऑर्लिन्सच्या ट्राममध्ये काळ्यांनी लाकडी पाटीच्या मागं बसायचं. रंगानं उजळ निघालेला लेक घर सोडून गोऱ्यांत मिसळला, तेव्हापासून दर रविवारी तो पाटीच्या पुढच्या बाकावर बसे आणि आई लगेच मागच्या. ओळख दाखवायची नाही, बोलायचं नाही. त्याच्या मानेवरचे केस पिकायला लागलेलेही तिनं तिथूनच पाहिले.

शेजारीण तिला चिडवायची, "एवढ्या जागा रिकाम्या, अन् युलालीबाईंना त्या गोऱ्याच्या पाठीमागचीच हवी."

आज त्याच्यासोबत चार वर्षांची पोर होती. बाकावर गुडघे टेकून ती मागं टक लावून बघत राहिली.

"बाबा, ही काळी बाई रडतेय."

त्यानं मागं न बघताच पोरीला वळवून बसवलं.



"पुढं बघून बस, युलाली."