जुईचा केक

जुईला गहू, अंडं, दूध काही म्हणजे काही सोसत नाही. एका बिस्किटानेही अंगभर गांधी उठतात. म्हणून तिच्या चौथ्या वाढदिवसाला तिच्या आईने, मोनालीने, आठवडाभर ओव्हनशी झटून शिंगाड्याचं पीठ, राजगिरा, नारळाचं दूध आणि गूळ घालून छोटासा केक जमवलाच. पाहुण्यांसाठी बेकरीतला भलामोठा क्रीमचा केक होता. उरणहून येणाऱ्या सासूबाईंना तर तिने फोनवर पुन्हापुन्हा बजावलं होतं, "आई, लाडाने पोरीला केकबिक भरवू नका हं."

वाढदिवस आला नेमका नवरात्रात. जुईने फोटोपुरता मोठा केक कापला, पण त्याला एकही शेजारीण हात लावेना. "उपास आहे गं," म्हणत सगळ्याजणी बटाट्याचे वेफर्स कुरतडत बसल्या. त्यांच्यातल्या किशोरीताईंनी सहज छोट्या केकची चौकशी केली. मोनालीने मोठ्या कौतुकाने त्यातला एकेक जिन्नस सांगितला आणि ती जुईची बशी आणायला आत गेली.

"अगंबाई, मग हा उपासाला चालतो की!"

ती बाहेर येईपर्यंत ताटात एकच तुकडा उरला होता आणि तो सासूबाईंच्या हातात होता. जुईने दोन्ही हात पुढे केले. सासूबाईंनी तुकडा झटकन उंच धरला आणि सुनेकडे शहाण्यासारखं बघत म्हणाल्या,

"नाय गो बाय, तुला केक नाय चालत!"